वरचं नि खालचं

१

हेसलडेनमध्ये लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला काहीतरी द्यायचं आणि काय दिलं ते चारचौघांसमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं, अशी रीत होती. एकदा तोंडातून निघालं की निघालं. ती सकाळभेट बायकोची. नवऱ्याला ती परत मागता येत नसे, सासूला येत नसे, खुद्द राजालाही येत नसे. बायकोने आपल्या तोंडाने परत केली तरच.

एडिवाचा नवरा वुल्फ्रिक बोलायला उभा राहिला तेव्हा त्याची मान जरा जास्तच ताठ होती. महिन्यापूर्वी तो सभेच्या टेकडीवर कुणाच्या तरी जमिनीला साक्षीदार म्हणून गेला होता, आणि तिथल्या म्हाताऱ्यांची भारदस्त भाषा त्याच्या कानात बसली होती.

"दोन दुभत्या मेंढ्या," तो म्हणाला. "एक चांदीची टाचणी. आणि विहिरीपलीकडचं मागघर." एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण लोक ऐकत होते. "छपरासकट नि उंबऱ्यासकट. वरचं नि खालचं. दिसतं ते नि दिसत नाही ते!"

"अरे, झोपडी देतोयस की मुलूख?" त्याची बुग्गाआत्या ओरडली. तिच्या तोंडात दात दोनच होते, पण दोन्ही तिखट. "फळ्यांखाली उंदीर व्याले असले तर तेही सूनबाईचेच म्हणायचे!"

"तेही तिचेच!" वुल्फ्रिक म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले.

एडिवा हसली नाही. ती नवी होती, आणि नव्या माणसाने आधी बघून घ्यावं अशा मताची होती. तिने बघितलं ते असं: लापशी ढवळणाऱ्या सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. डावा हात. सिनवारा, म्हणजे सासूबाई, सगळं डाव्या हाताने करत. लापशी खाली लागली, जळका वास सुटला, तरी तो हात हलला नाही.

२

मागघर म्हणजे कमरेएवढ्या खोल खड्ड्यावर फळ्या टाकून केलेली जमीन, वर दोन खांब आणि जमिनीपर्यंत उतरलेलं गवताचं छप्पर. फळ्यांखालच्या पोकळीमुळे ओल वर येत नाही, लोकर कोरडी राहते. अशी मागघरं गावात पाच होती. एके काळी सासूबाई जिथे विणत ते हे सहावं अकरा वर्षं बंद होतं. सासूबाई बहिणीकडे गेल्या असताना वुल्फ्रिकने गुपचूप छप्पर शाकारून घेतलं होतं. आईला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. पुरुषांना वाटतं असं.

एडिवाने माहेराहून आणलेली टोपली तिथे रिकामी केली. भाजक्या मातीची चोवीस वजनं, मुठीएवढी, मधोमध भोक पाडलेली. उभ्या मागावर ताण्याचे धागे वरून खाली सोडतात, आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली ही वजनं बांधतात. ही तिच्या आईने केली होती. माती ओली असताना प्रत्येकावर आईने अंगठा दाबला होता, आणि आईच्या अंगठ्यावर मेंढीची लोकर कातरताना झालेला तिरका वण होता. चोवीस वजनांवर चोवीस अंगठे, चोवीस तिरके वण. आई गेल्या हिवाळ्यात गेली. तिचं म्हणण्यासारखं जगात एवढंच उरलं होतं.

सासूबाई दारापर्यंत आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"सूनबाई, हे नको घेऊस. परत कर त्याला. कुरणाचा तुकडा माग, मी देववते."

"का, सासूबाई?"

"ओल आहे."

"कुठेच नाही. मी हात लावून पाहिलाय."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हात लावून पाहायची सवय असलेली सून आपणच शोधून आणली याचं त्यांना दुःख होत होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "नव्या गव्हाचा पहिला पाव ज्या दिवशी देवळात जाईल, त्या दिवसापर्यंत आठ हात कापड विणून दाखव. जमलं तर ठेव. नाही जमलं तर आपल्या तोंडाने परत करायचं, आणि ही जागा मी मातीने बुजवीन. मग माझ्या चुलीपाशी बसून टकळी फिरव, जन्मभर."

"जमेल," एडिवा म्हणाली. ती एरवी इतकी कमी बोले की हे एक उत्तर गावभर झालं.

३

पहिले चार दिवस छान गेले. ती मागापुढे उभी राही, या टोकापासून त्या टोकापर्यंत बाण्याचा आडवा धागा ओवी आणि लाकडी पट्टीने तो वर ठोकी. दार उघडं असे. बाहेर बदकं भांडत. दर वेळी आडवी काठी ओढली की ताण्याचे धागे मागेपुढे होत आणि वजनं एकमेकांवर आपटत: टक-टक-टक-टक, मग शांत.

पाचव्या दिवशी भर दुपारी तिच्या लक्षात आलं की शांत व्हायच्या आधी आणखी एक टक होतो. उशिरा. एक श्वास थांबून. आणि तो फळ्यांच्या खालून येतो.

तिने काठी ओढली. टक-टक-टक. श्वास. टक.

पोकळ जमीन आहे, आवाज घुमणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. पटलंही. फक्त घुमलेला आवाज वाट बघत नाही, आणि हा बघत होता. तिने काठी अर्धवट ओढून धरली. खालीही कुणीतरी धरली आहे असं वाटलं.

संध्याकाळी वजनं बांधायची दोरी सैल झाली होती ती घट्ट करताना तिने डावीकडचं शेवटचं वजन उचललं. त्यावर अंगठा होता, पण वण नव्हता. ठसा लांबट होता, पळीच्या पात्यासारखा, आणि त्यात एकही रेघ नव्हती.

"झिजला असेल," वुल्फ्रिक जेवताना म्हणाला.

"झिजलं की खोलगट जागा उथळ होते. ही खोल झालीय."

"मग तुझ्या आईचा एक अंगठा वेगळा उमटला असेल."

"माझ्या आईला अंगठे दोनच होते," एडिवा म्हणाली, "आणि दोन्ही मला ओळखीचे होते."

वुल्फ्रिक हसला. सासूबाई पाव मोडत होत्या, त्यांच्या उजव्या हातातून तुकडा निसटला. त्यांनी तो डाव्याने उचलला आणि वर पाहिलं नाही.

४

दर दिवशी एक. कधी दोन. तिरका वण असलेले अंगठे कमी होत गेले आणि लांबट, गुळगुळीत ठसे वाढत गेले. पंधराव्या दिवशी आईचे अकरा उरले होते.

एडिवाला भीती वाटत होती, पण तिच्या भीतीची तऱ्हाच अशी, की ती आधी तपासून बघे. तिने नव्या ठशात आपला अंगठा ठेवला. भट्टीत भाजलेली माती, दगडासारखी. तिच्या अंगठ्याखाली ती लोण्यासारखी दबली. गार होती. अंगठा पेरापर्यंत आत गेला, आणि आतून कुणीतरी तितक्याच हलक्या हाताने, चाचपून बघावं तसं, उलट दाबलं.

तिने हात काढला. वजन पुन्हा दगड झालं होतं. तिने नख मारलं, नखच मोडलं.

दुसऱ्या दिवसापासून सूत तिच्या बोटांतून निसटू लागलं. आधी वाटलं लोकर फार तेलकट आहे. राख लावून पाहिली. मग दारात उजेडाला जाऊन तिने आपला उजवा अंगठा पाहिला. टोकाकडच्या रेघा गेल्या होत्या. तिथली कातडी नुकत्याच सोललेल्या अंड्यासारखी झाली होती.

"दाखव," असं कुणीतरी म्हणालं. सासूबाई होत्या. विहिरीवरची बादली तशीच टाकून आलेल्या.

एडिवाने अंगठा दाखवला. सासूबाईंनी तो पाहिला, आणि त्यांच्या तोंडाचं एकदम म्हातारीचं तोंड झालं.

"आजच परत कर. आत्ता. मी सगळ्यांना बोलावते, तू तोंडाने म्हण, की नको. बास."

"मग माझ्या आईचे अंगठे?"

"पोरी, आपण जिवंत माणसांचं बोलतोय."

"खाली काय आहे, सासूबाई?"

"मला काय ठाऊक?" त्या चिडून म्हणाल्या. "मी कधी वाकून पाहिलं नाही. शहाण्या बाईनं पाहू नये."

एडिवा विचारात पडली. शहाणपणाबद्दल तिचं मत निराळं होतं. कापड पाच हात झालं होतं. पहिल्या पावाच्या सणाला बारा दिवस होते. निसटत्या अंगठ्याने तीन हात विणणं होणार नव्हतं. आणि परत दिलं, तर हा खड्डा आईच्या अंगठ्यांसकट बुजवला जाणार होता.

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली.

५

सकाळी तिने मागाजवळची एक फळी काढली.

तिला वाटलं होतं कोळिष्टकं असतील, ओल असेल, बुग्गाआत्याचे उंदीर असतील. खड्डा कोरडा होता. नुसता कोरडा नाही, झाडलेला होता. अकरा वर्षं बंद असलेल्या जागेत, फळ्यांखाली, माणूस उभाही राहू शकणार नाही अशा पोकळीत कुणीतरी रोज झाडू मारत होतं. मातीवर खराट्याचे फराटे होते, ताजे, एकासारखे एक.

उन्हाची एक तिरीप काढलेल्या फळीतून आत गेली होती. तिच्या पलीकडे अंधार होता आणि अंधारात उभे धागे असल्यासारखं वाटत होतं. नक्की होते, असं ती शपथेवर सांगणार नाही. पण उरलेल्या फळीच्या कडेला, खालच्या बाजूने, उन्हात, एक अंगठा टेकलेला होता.

बाकी काही नाही. फक्त अंगठा, पळीएवढा लांब, फळीला खालून आधार द्यावा तसा. त्याच्यावर तिरका वण होता. तिच्या आईचा. उसना घेऊन घातलेल्या कपड्यासारखा, जरा ताणलेला.

अंगठा हलला नाही. पण त्याला कळलं की ती बघतेय.

एडिवा दारापर्यंत कशी पोचली ते तिला आठवत नाही. एक पाय उंबऱ्याबाहेर होता. बाहेर ऊन होतं, बदकं होती, पलीकडे बुग्गाआत्या कुणाला तरी शिव्या देत होती. चार पावलं, आणि ती कायमची सुटली असती. सासूबाईंच्या चुलीपाशी टकळी. दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचं सूत, आणि डावा हात.

बुग्गाआत्याचा आवाज ऐकूनच तिला आठवलं. फळ्यांखाली उंदीर व्याले असले तर तेही सूनबाईचेच. तेही तिचेच, असं चाळीस माणसांसमोर तिचा नवरा म्हणाला होता. छपरासकट नि उंबऱ्यासकट. वरचं नि खालचं. दिसतं ते नि दिसत नाही ते.

तिने बाहेरचा पाय आत घेतला.

६

आवाज कापत होता, म्हणून तिने तो स्वतःचा वापरलाच नाही. सासूबाईंचा वापरला. लग्नापासून रोज ऐकून पाठ झाला होता.

"ए," ती फळीच्या भोकापाशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ऐकतोस की ऐकतेस, जे काय असशील ते. या जागेची मालकीण कोण, ठाऊक आहे?"

तिने फळीच्या कडेवर टाच आपटली.

"सकाळभेटीत मिळालीय मला ही जागा. चाळीस साक्षीदार आहेत. वरचं नि खालचं. म्हणजे खड्डा माझा, झाडू माझा, आणि तूही माझंच. चुलीतल्या मांजरासारखं. मालकिणीच्या वस्तू चोरायच्या, ही कुठली पद्धत गं?"

खूप वेळ गेला. माशी तिच्या कानाभोवती फिरली, तिने हात उचलला नाही.

टक.

एकच. पण उशिरा नाही. विचारल्यासारखा.

"हां," एडिवा म्हणाली, आणि बोलत राहिली, कारण सासूबाई कधी मध्येच थांबत नसत. "आता नीट ऐक. माझ्या आईचे अंगठे होते तिथे परत जातील. एकूण एक. माझ्या अंगठ्याच्या रेघाही. आणि इतकी वर्षं फुकटची राहिलीस ना? आता हात चालव. सणाला तीन हात कापड कमी पडतंय. मी वरून ठोकते, तू खालून ताणून धर. धागा ढिला पडला तर गाठ माझ्याशी आहे."

तिने फळी जागेवर बसवली. बसवताना क्षणभर बोटं फटीत, खालच्या हाताच्या टप्प्यात घालावी लागत होती. तिने ती घातली, आणि सगळी धड परत आली.

मग ती मागापुढे उभी राहिली आणि तिने काठी ओढली.

सगळी वजनं एका दमात आपटली, खालची आणि वरची, एकाच टाळीसारखी. ताण्याचे धागे इतके ताठ झाले की त्यांतून सूर निघाला. तिने बाणा ओवला, पट्टी मारली. पुन्हा काठी. तिचा अंगठा सुतावर घट्ट बसला होता. ती मोठ्याने हसली, आणि एकटी असताना मोठ्याने हसलेलं कसं वाटतं ते ऐकून तिला आणखी हसू आलं.

"जरा जोरात!" ती म्हणाली.

खालून जोर आला.

७

नव्या गव्हाचा पहिला पाव देवळातून आला, लोकांनी तुकडे वाटून खाल्ले, आणि मग बायकांनी एडिवाचं कापड हिरवळीवर पसरलं. आठ नव्हे, अकरा हात होतं. वीण इतकी दाट की बुग्गाआत्याने वरून बिअर सांडून पाहिली (हात हलला म्हणाली), आणि ती थेंब थेंब होऊन घरंगळली.

"हे एकटीनं विणलंस होय गं?"

"नाही आत्याबाई. घरचीच मदत होती."

"बघा! तोंड उघडत नाही म्हणतात, आणि उघडलं की कळतंय काही?"

वुल्फ्रिक इकडून तिकडे असा फिरत होता की जणू मेंढ्यांपासून मागापर्यंत सगळं त्यानेच विणलं. कुणीतरी म्हणालं, काय भेट दिलीस रे! तो म्हणाला, मी विचार करूनच दिली होती.

सासूबाई बाजूला उभ्या होत्या. एडिवा त्यांच्यापाशी गेली.

"चोवीसच्या चोवीस परत आले," ती हळू आवाजात म्हणाली. "वणासकट. पण आज सकाळी उंबऱ्यावर पंचविसावं होतं. जुनं दिसतंय. माझ्या आईचं नाही."

तिने ते कमरेच्या पिशवीतून काढलं. काळपट झालेलं वजन, आणि त्यावर ठसा. बारीक, गोल, तरण्या बाईचा. रेघा इतक्या स्वच्छ की आत्ताच उमटल्यासारख्या.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि उजवा हात झग्याच्या घडीत लपवला. अकरा वर्षांची सवय.

"मी मागितलं नव्हतं हे," एडिवा म्हणाली. "फक्त खाली एवढंच सांगितलं होतं, की आणखी कुणाचं काही ठेवलं असशील तर तेही काढ. द्या हात, आई."

ती त्यांना पहिल्यांदाच आई म्हणाली. सासूबाईंनी हात दिला. अंगठा मुळापासून टोकापर्यंत गुळगुळीत होता, नदीतल्या गोट्यासारखा. एडिवाने तो ठशावर ठेवला आणि दाबला. तो आत गेला नाही. नीट बसला. झाकण बसावं तसा.

सासूबाईंनी अंगठा उचलून उन्हात धरला, चिमटीत कापडाच्या काठाचा एक धागा पकडला. धागा सुटला नाही. त्यांनी तो ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

"काठ जरा सैल ठेवलायस," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वेळी घट्ट ठेवीन."

सासूबाईंनी कमरेच्या किल्ल्या उजव्या हाताने सोडल्या. धान्याच्या पेटीची, लोकरीच्या पेटीची, मागघराच्या दाराची. गाठ जुनी होती, वेळ लागला, पण डावा हात त्यांनी मध्ये आणू दिला नाही. सगळ्या गावासमोर त्यांनी त्या एडिवाच्या कमरेला बांधल्या, आणि बुग्गाआत्या अशी काही ओरडली की बदकं तळ्यात पळाली.

गाणी सुरू झाली तशी एडिवा एकटीच विहिरीपलीकडे गेली. ऊन अजून छपरावर होतं. मागघराचं दार बंद होतं, आणि आत कुणी नसताना माग चालत होता: टक-टक-टक-टक, भराभर, उत्सुक, थोडासा लाडीगोडीचा.

तिने कुलपाला किल्ली लावली. फिरवण्याआधी दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"बास आता. आज सण आहे. उद्या सकाळी, बदकांना दाणे घातले की लगेच. आणि जमीन झाडून ठेव."

आत सगळं एकदम थांबलं. एक श्वास गेला. मग फळ्यांखालून, आज्ञाधारकपणे, खराट्याचा आवाज येऊ लागला.